मरणाऱ्या बाईची जबानी

वकील : मावशी, ‘एकच प्याला’च्या शेवटी तुम्हाला रडू येतं आणि मला राग येतो. राग सुधाकरचा नाही. दारुडे नवरे मी अंधेरीच्या कोर्टात रोज बघते. राग येतो तो सिंधूच्या जबानीचा. पोटचं पोर बापाच्या हातून गेलंय, ती स्वतः त्याच्याच माराने मरणाला टेकली आहे, विचारायला पोलीस आलेत, आणि ती नवऱ्याचं नाव घेत नाही. अपघात झाला म्हणते. कायद्यात याला मृत्युपूर्व जबानी म्हणतात. मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही, या समजुतीवर १८७२च्या पुरावा कायद्याचं बत्तिसावं कलम उभं होतं; २०२३च्या साक्ष अधिनियमात ते सव्विसावं झालं. गडकऱ्यांनी नेमका तोच क्षण निवडला आणि त्या क्षणी बाईकडून खोटं वदवून घेतलं. वर त्या खोट्याला पातिव्रत्याचं तेज दिलं. बळी गेलेलीनेच गुन्हेगाराला सोडवायचं, आणि आपण शंभर वर्षं त्याला शोकांतिकेची उंची म्हणत डोळे पुसायचे, हे मला पटत नाही.

अभिनेत्री : सोडवलं कुठे? सुधाकर दारूत विष कालवून शेवटचा प्याला घेतो. सरकारी फासापेक्षा ती शिक्षा हलकी नाही. पण तुझी खरी चूक वेगळीच आहे. तू ते दृश्य केसपेपरसारखं वाचतेस. केसपेपरवर एकच वाक्य उरतं : अपघाताने लागलं. नाटकात ते वाक्य ऐकणारा फौजदार एकटा नसतो. समोर काळोखात पाच अंक बघून बसलेली माणसं असतात. सुधाकरची सनद कशी गेली, तळीरामाने त्याच्या हातात पेला कसा दिला, सिंधू दळणं दळून घर कसं चालवत होती, हे सगळं त्यांना माहीत असतं. त्यामुळे सिंधूचं खोटं हे खोटं म्हणूनच ऐकू येतं. मी हौशी संस्थेतून सिंधू केली आहे, मुलुंडला कालिदासमध्ये. त्या जागेला पहिल्या रांगांतल्या बायकांचा सुस्कारा रंगमंचापर्यंत पोचायचा. तो ‘धन्य गं बाई’ असा नव्हता. ‘कळलं गं आम्हाला’ असा होता. जे खोटं सगळ्या सभागृहाने ओळखलंय, ते नवऱ्याला सोडवत नाही. त्याने त्याच्यावरचा आरोप आणखी घट्ट होतो.

वकील : ‘कळलं गं आम्हाला’, यातच माझं सगळं म्हणणं आलं. त्या बायकांना कळलं, कारण हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या शहरात आणि उपनगरांत किती सुना भाजून इस्पितळात आल्या आणि स्टोव्हचा भडका उडाला असं सांगून गेल्या! कुणाला मागे राहिलेल्या लेकराची काळजी, कुणाच्या उशाशी सासू उभी, कुणाला माहेरची अब्रू प्यारी. कायद्याला हे उमगायला वेळ लागला, पण उमगलं. १९८३ साली छळाबद्दलचं ४९८-अ आलं. त्याच वर्षी पुरावा कायद्यात ११३-अ घातलं : लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईने आत्महत्या केली आणि छळ सिद्ध झाला, तर कोर्टाला नवऱ्याविरुद्ध अनुमान काढता येतं. १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं. या कलमांचा अर्थ सरळ आहे. मरणाऱ्या बाईच्या तोंडच्या शब्दावर सगळं सोडू नका, ती कोणत्या घरात मेली ते बघा. कायद्याने सिंधूच्या जबानीपलीकडे बघायला सुरुवात केली. रंगभूमी मात्र अजून त्या जबानीला हार घालते आहे.

अभिनेत्री : कायदा इतका शहाणा झाला म्हणतेस? पुण्यात १९८२ साली एक नवविवाहिता गेली. तिने जवळच्यांना लिहिलेली पत्रं कोर्टात वाचली गेली. तो खटला तूच मला एकदा समजावून सांगितला होतास.

वकील : हो. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निकाल दिला. पत्रं पुरावा म्हणून चालतील असं ठरलं, आणि नवरा निर्दोष सुटला. परिस्थितिजन्य पुरावा कसा तोलावा याची पंचसूत्री त्याच निकालातली. आजही प्रत्येक फौजदारी वकिलाला ती पाठ असते. निकाल चूक होता असं मी म्हणत नाही, शंकेचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. पण बघा, बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेला शब्दसुद्धा तिच्यामागे इतरांनी उलगडायचा असतो. त्यातून दुःख दिसतं की भीती, ती आत्महत्येकडे चालली होती की मृत्यूकडे ढकलली जात होती, हे ठरवायला ती नसते. म्हणून तर माझी नाटककारांकडून जास्त अपेक्षा आहे. न्यायाधीशाला मेलेली बाई बोलती करता येत नाही, नाटककाराला येते. ती सोय हाताशी असताना गडकऱ्यांनी तिच्या तोंडी काय दिलं? आरोपीला हवं होतं तेच.

अभिनेत्री : ते गडकऱ्यांनी एकट्याने दिलेलं नाही, आणि फक्त आपल्या पातिव्रत्याच्या पोथीतूनही आलेलं नाही. ऑथेल्लोने गळा दाबल्यावर डेस्डिमोनाला थोडी धुगधुगी येते, एमिलिया विचारते की हे कुणी केलं, आणि डेस्डिमोना दोष स्वतःवर घेते. देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ केलं तेव्हा ती कमलजा होऊन आपल्या रंगभूमीवर मेली. सिंधू आली त्यानंतर तीसेक वर्षांनी : गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि महिन्याभरात गंधर्व मंडळीने बडोद्याला नाटक उभं केलं. म्हणजे मारेकऱ्याला पाठीशी घालणारी बायको शेक्सपिअरकडेही होती. मग मला विचारावंसं वाटतं, इतक्या दूरदूरच्या नाटककारांना हीच जागा का सापडावी? मला वाटतं, जिला आयुष्यभर कुणी काही ठरवू दिलं नाही, ती शेवटच्या श्वासाला एक गोष्ट स्वतः ठरवते. ती चुकीचं ठरवत असेल, पण त्या क्षणी फौजदार, भाऊ, नवरा, सगळे तिच्या शब्दाची वाट बघत थांबलेले असतात. नाटकभर तिला एवढी सत्ता मिळालेली नसते.

वकील : तुम्ही ऑथेल्लो आणलात आणि एमिलियाला अर्ध्यावर सोडलंत. डेस्डिमोनाचं खोटं तिथे टिकत नाही, कारण शेजारी दुसरी बाई उभी आहे. ऑथेल्लो आधी ते खोटं पुढे करतो, मग स्वतःच कबूल होतो. आणि एमिलिया तिथे थांबत नाही. रुमालाची गोष्ट ती सगळ्यांसमोर उघड करते. आपलाच नवरा या कटामागे आहे हे लक्षात आल्यावरही गप्प बसत नाही. तो दटावतो, घरी जा म्हणतो, ती जात नाही. तो तिला भोसकतो, आणि तरी ती खरं बोलत बोलत मरते. शेक्सपिअरने एकाच पलंगापाशी दोन बायकांच्या दोन जबान्या ठेवल्या : एक नवऱ्याला झाकणारी, एक नवऱ्याला उघडं पाडणारी. तुलना आपोआप होते. आता सिंधूच्या उशाशी एमिलिया कुठे आहे? सुधाकरचा मित्र रामलाल आहे, सिंधूचा भाऊ पद्माकर आहे, सगळे पुरुष. तळीरामाची गीता नवऱ्याच्या दारूबद्दल सडेतोड बोलणारी. तिला गडकऱ्यांनी शेवटची जबानी का दिली नाही? माझा आक्षेप सिंधू खोटं बोलली एवढाच नाही. ते खोटं खोडून काढणारी दुसरी बाई नाटकात जिवंत असूनही त्या क्षणी तिला बोलू दिलं नाही, हा माझा खरा आक्षेप आहे.

अभिनेत्री : हे मी मान्य करते. पण तुझ्याच मुद्द्याचं दुसरं टोक पकड. एमिलिया खरं बोलली, म्हणून ती वाचली का? नाही. नवऱ्याला झाकणारीही मरते आणि उघडं पाडणारीही मरते. मग बाई खरं बोलली की नाटक तिच्या बाजूचं झालं, हे गणित कुठे टिकतं? गडकऱ्यांकडे उलटं आहे. बोलणारी गीता जगते. बालविधवा शरद जगते, आणि तिच्यासाठी रामलालला स्वतःच्या मनातलं पाप ओळखून बाजूला व्हावं लागतं, तेव्हा तिची भगीरथाशी गाठ पडते. म्हणजे ज्या नाटकात पतिव्रता मरते, त्याच नाटकात विधवेला दुसरं आयुष्य मिळतं. ही मांडणी अजाणतेपणी झाली असेल असं मला वाटत नाही. जुन्या आदर्शाला गडकरी भरजरी शालू नेसवतात, आणि त्याच आदर्शाला मरण देतात.

वकील : मरण देतात आणि पूजेला बसवतात. जिवंत बाईपेक्षा मेलेली बाई पूजायला सोयीची असते. आपल्या शोकांतिकेचा पायाच तसा घातला गेलाय. संस्कृत नाटकाने रंगमंचावर मृत्यू शक्यतो टाळला. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद थोडे. इंग्रजी शिकलेल्या पिढीने मरणावर संपणारं नाटक आणलं तेव्हा विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलं, १८६१ साली. माधवराव क्षयाने जातात, रमाबाई सती जातात. मुंबई इलाख्यात सतीला बंदी येऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती! कायद्याने चिता विझवली आणि नाटकाने ती दिव्यांच्या उजेडात पुन्हा पेटवली. नवरा मरतो तो आजाराने, स्वतःच्या मरणाने. बायको मरते ती त्याच्या मरणाची शोभा वाढवायला. निकोल लोरो नावाच्या फ्रेंच विदुषीने १९८५ साली ग्रीक शोकांतिकांमधल्या बायकांच्या मरणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. तिथल्या बायका बहुतेक आतल्या खोलीत, नजरेआड मरतात. कुणी गळफास घेते, कुणी पलंगावर जीव देते, आणि बाहेर येते ती फक्त बातमी. जोकास्टाचं मरण आपण निरोप्याकडून ऐकतो. ईडिपसचं दुःख मात्र डोळ्यांसमोर, रक्ताळलेल्या चेहऱ्यानिशी. आता ‘नटसम्राट’ आठवा. कावेरी मधेच जाते. शेवटचा प्रवेश, शेवटचं स्वगत, शेवटच्या टाळ्या अप्पासाहेबांच्या. तिचं मरण त्याच्या एकटेपणाची तयारी आहे, एवढंच.

अभिनेत्री : एवढंच नाही. १९७०च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ आलं. डॉक्टर लागूंबद्दल सगळे बोलतात, पण शांता जोगांची कावेरी ज्यांनी बघितली त्यांना विचार. सगळं मुलांना देऊन टाकू नका, काहीतरी मागे ठेवा, हे कोण सांगतं? कावेरी. लेकीच्या घरी चोरीचा आळ आल्यावर इथे आता राहायचं नाही, हे कुणाला आधी कळतं? तिलाच. नाटकातली एकमेव शहाणी व्यक्ती मध्यंतरानंतर निघून जाते, आणि मग नटसम्राट नुसता बोलत राहतो. त्या बोलण्याला आपण टाळ्या देतो हे खरं. पण ती गेल्यावर त्याला सावरणारं कुणी उरलेलं नाही, हे नाटकच दाखवतं. शिवाय तू एक गोष्ट विसरतेस. सिंधू पहिल्यांदा मेली ती बालगंधर्वांच्या देहात. कमलजाही पुरुषानेच केलेली. पुरुषाने लिहिलं, पुरुषाने साकारलं...

वकील : आणि बायका बघून शिकल्या. बालगंधर्वांसारखं लुगडं नेसायला घराघरांतल्या बायका शिकल्या. मरावं कसं तेही शिकल्याच असतील. यापेक्षा उघडा पुरावा कोणता हवा? मरणाऱ्या पतिव्रतेचा नमुना पुरुषांनी ठरवला, पुरुषाने वठवला, आणि बायकांपुढे ठेवला.

अभिनेत्री : मला त्यात उलटी गोष्ट दिसते. पुरुष जर सिंधू इतकी हुबेहूब करू शकत होता, तर सिंधूपण हे बाईच्या रक्तातलं नाही, हे सिद्धच झालं. ते शिकता येतं, उतरवून ठेवता येतं, रंग पुसला की संपतं. बाई ती भूमिका करायला लागली तेव्हा अडचण सुरू झाली, कारण मग लोकांना वाटलं की ही अभिनय करत नाही, अशीच आहे. माझ्या सिंधूनंतर एक गृहस्थ रंगपटात येऊन सांगून गेले, अशा बायका आता राहिल्या नाहीत. मी तेव्हा नोकरी करून, घर सांभाळून, शेवटच्या लोकलने तालमीहून परतणारी बाई होते. त्यांना मी दिसलेच नाही, सिंधूच दिसली. म्हणून शेवट बदलण्यापेक्षा मला बघण्याची सवय बदलायला हवी असं वाटतं. शेवट बदलून काय होतं ते देवलांनी दाखवलंय. ‘शारदा’ १८९९ची. म्हाताऱ्या भुजंगनाथाला विकलेली पोर नदीत जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो, शंकराचार्य लग्नाला मान्यता देतात. सुधारकांना ते नाटक हत्यारासारखं वापरता आलं, मोठं काम झालं. पण शारदा वाचली की प्रेक्षकही सुटतो. घरी जाताना त्याच्या मनात काटा उरत नाही.

वकील : आणि वाचवणाराही पुरुष, परवानगी देणाराही पुरुष. शिवाय त्या काळच्या दंडसंहितेप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, ३०९ कलम. शारदा आरोपी आणि तिला विकणारा कांचनभट मोकळा! त्यामुळे शारदा जगली याचाही मला फार आनंद नाही. मला बेणारे हवी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे एकच नाटक मला पूर्ण पटतं. तेंडुलकर विलेपार्ल्याचे. अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला आलेल्या हौशी मंडळींना ठिकाण दाखवताना त्यांच्या गप्पा कानावर पडल्या आणि नाटकाचं बीज तिथे मिळालं, असं ते सांगत. म्हणजे हे कोर्ट उपनगरातलंच आहे. तिथले न्यायाधीश, वकील, साक्षीदार रोज आपल्याबरोबर लोकलला लटकतात. खेळातला आरोप भ्रूणहत्येचा, पण खरं बोट तिच्या पोटातल्या मुलाकडे. प्राध्यापक दामले, जो या सगळ्याला कारण, तो हजरच नाही. शेवटी शिक्षा काय? बाईने जगावं, गर्भ मात्र नष्ट करावा. भ्रूणहत्येच्या आरोपाला भ्रूणहत्येची शिक्षा! १९६७ साल आहे, गर्भपाताचा कायदा १९७१चा. ते कोर्ट चक्क गुन्ह्याचा हुकूम देतंय, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. त्या संतापातून ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि विचारलं की या गुन्ह्यातला पुरुष कुठे आहे. तेंडुलकरांच्या नाटकातली दामल्याची रिकामी जागा हा तोच प्रश्न आहे.

अभिनेत्री : आता माझी पाळी. बेणारे तुला पटते, कारण ती मरत नाही आणि खरं बोलते. ती कधी बोलते ते बघ. टिक-ट्वेंटीची बाटली तोंडाला लावू बघते, ती उडवली जाते. मग आरोपीला बोलायची मुभा मिळते आणि ते मोठं स्वगत येतं, सुलभा देशपांड्यांनी अजरामर केलेलं. त्या वेळी बाकीची मंडळी जागच्या जागी गोठलेली असतात. न्यायाधीश झालेला काशीकर ऐकत नाही, वकील झालेला सुखात्मे ऐकत नाही, कोर्टाच्या नोंदीत त्यातला एक शब्द जात नाही. स्वगत संपतं आणि निकाल असा येतो, जणू ती काही बोललीच नाही. सिंधूची जबानी नोंदवली गेली, पण खोटी. बेणारेची खरी, पण नोंदवली गेली नाही. तुझ्या धंद्याच्या हिशेबाने दोघींची गत सारखीच. दोन्ही वेळी खरं काय ते फक्त प्रेक्षकाला कळलं. मग फरक कुठे राहिला?

वकील : फरक असा, की बेणारे निदान आपल्याला सांगते. सिंधू आपल्यालाही सांगत नाही, आपणच ओळखायचं.

अभिनेत्री : आणि चंपा? तिच्याबद्दल तू अजून एक शब्द बोलली नाहीस.

वकील : तिच्यापाशी मी थबकते. १९७२चं ‘सखाराम बाइंडर’. लालन सारंगांची चंपा, निळू फुल्यांचा सखाराम. नवऱ्याला सोडून आलेली, सखारामला सहन करता यावं म्हणून दारू पिणारी बाई. तुमच्या सिंधूच्या बरोबर उलट. इथे पेला बाईच्या हातात आहे. आणि तिला मारायला कारण होते लक्ष्मी. देवभोळी, पतिव्रतेच्या वळणाची लक्ष्मी सखारामला सांगते की चंपा त्याच्या मित्राकडे, दाऊदकडे जाते. ती खरंच सांगते, मावशी. सखाराम चंपाचा गळा दाबतो, आणि ते प्रेत पुरायला लक्ष्मी त्याला धीर देते. म्हणजे दुसरी बाई असली आणि ती खरं बोलली की झालं, हे माझं मघाचं म्हणणं इथे कोसळतं. एमिलियाचं खरं बोलणं मेलेल्या बाईसाठी होतं, लक्ष्मीचं खरं बोलणं जिवंत बाईला मारण्यासाठी. चंपाला जबानी नाही, स्वगत नाही, मरणाआधीचं एकही वाक्य तिच्या वाट्याला येत नाही. नाटकावर बंदी आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, कमलाकर सारंगांनी त्यावर ‘बाइंडरचे दिवस’ लिहिलं. त्या सगळ्या गदारोळात भांडण होतं अश्लीलतेचं. एका बाईचा खून झाला, हे कुणाला आक्षेपार्ह वाटलं नाही.

अभिनेत्री : मग आपलं भांडण जागा बदलतंय. आधी तू म्हणालीस, प्रश्न बाईच्या शेवटच्या शब्दांचा आहे. आता दिसतंय की प्रश्न कोणत्या बाईसाठी सभागृह रडतं याचा आहे. सिंधू स्वच्छ, सोशिक, कुलीन. तिच्यासाठी रुमाल निघतात. चंपा पिते, शिव्या देते, दोन पुरुषांकडे जाते. ती मेली की सभागृहात एक प्रकारची सुटकाच होते. तुझ्या कोर्टात वेगळं असतं का?

वकील : नसतं. कोर्टात दुःख मोजलं जात नाही, पण चारित्र्य मोजलं जातं. आडून मोजलं जातं. चांगल्या चालीची होती, हे शेजारणीने सांगितलं की खटल्याचं वजन वाढतं. न सांगितलं की घटतं. सिंधूचं मरण मला म्हणूनही खुपतं. बाईवर अन्याय झाला असं म्हणायचं, तर ती निष्कलंक असली पाहिजे, ही अट त्या नाटकाने आपल्या मनात पक्की केली. त्या अटीत चंपा बसत नाही, बेणारे बसत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका बसत नाहीत. ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली ज्योती म्हापसेकरांनी लिहिलं, स्त्री मुक्ती संघटनेच्या बायकांनी ते चौकाचौकांत, वस्त्यावस्त्यांत केलं. तिथे एकच एक नायिका नव्हती, त्यामुळे निष्कलंक असण्याची अटच उडाली. ‘चारचौघी’ १९९१ची, चार बायका मरणाशिवाय सभागृह धरून ठेवतात. मला वाटतं आपल्याला शोकांतिकाच बदलून हवी.

अभिनेत्री : ‘चारचौघी’ मला प्रिय आहे. पण मरण काढून टाकलं की एक प्रश्नही निघून जातो. ज्या घरात बाई मेली, त्या घराचं काय करायचं? आजही बायका मरतात, तूच रोज फायली वाचतेस. फाईल वाचून जे कळत नाही ते नाटकात कळतं : ती मेली तेव्हा आजूबाजूला किती जण होते, आणि प्रत्येकाला किती माहीत होतं. मला उद्या कुणी बोरिवलीला ‘एकच प्याला’ बसवायला सांगितलं, तर मी गडकऱ्यांचं एक अक्षर बदलणार नाही. सिंधू तेच बोलेल. पण गीता त्या वेळी मंचावर असेल. तिला संवाद नाही, नसू दे. ती सिंधूकडे न बघता सुधाकरकडे बघत उभी राहील.

वकील : मग ते गडकऱ्यांचं नाटक राहिलं नाही. मजकूर त्यांचा, निकाल तुमचा. एक मुकी साक्षीदार उभी करून तुम्ही सिंधूचं पुण्य काढून घेतलंत. जे गृहस्थ तुमच्या रंगपटात आले होते, ते या वेळी चिडून जातील.

अभिनेत्री : जाऊ देत. बालगंधर्वांनी सिंधूला जे सूर दिले तेही कागदावर नव्हते. नाटक दर वेळी कुणीतरी उलटतपासायचंच असतं. पण आता मी तुझी उलटतपासणी घेते. समज, सिंधू खरं बोलली. नवऱ्याने मारलं, पोर त्याने मारलं, असं तिने फौजदाराला सांगितलं आणि ती जगली. सुधाकर तुझ्याच धंद्यातला माणूस. त्याचं वकीलपत्र तुझ्याकडे आलं, तर तू तिला काय विचारशील?

वकील : विचारीन की एवढा छळ होता तर आधी तक्रार का केली नाही. भाऊ न्यायला आला तेव्हा माहेरी का गेली नाही. डोक्याला मार लागलेला, आठवतंय ते नक्की का. हे मला विचारावंच लागेल. अशिलाशी माझं कर्तव्यच ते आहे.

अभिनेत्री : आणि न्यायाधीश कदाचित शंकेचा फायदा देतील. म्हणजे खोटं बोलली तर देवी, खरं बोलली तर संशयित. मग ती खरं बोललीच पाहिजे हा तुझा हट्ट कुणासाठी आहे? तिला तर त्यातून काही मिळत नाही.

वकील : हट्ट सोडणार नाही. खरं बोलून तिला न्याय मिळेलच असं नाही, हे मी तुमच्यापेक्षा जास्त जाणते. पण तिने खोटं बोलण्यात तिचं मोठेपण आहे, असं म्हणायला मी तयार नाही. तिला खोटं बोलावं लागलं हे दाखवा, नाटक माझं. ती खोटं बोलली म्हणून थोर ठरली असं दाखवा, नाटक सुधाकरचं.

अभिनेत्री : पण एकाच वाक्यात दोन्ही असतं, आणि म्हणूनच ते वाक्य अजून मरत नाही. ‘लागलं’ कुठे संपतं आणि ‘ठरलं’ कुठे सुरू होतं, ती रेघ तुला कायद्यात सापडली तर मला सांग. मला ती तालमीत अजून सापडलेली नाही.

वकील : सापडलेली नाही. आणि तुम्ही मंचावर उभी केलेली गीताही ती दाखवणार नाही, हेही तितकंच खरं. तिचं बघणं बघून प्रेक्षकाने निकाल द्यायचा. पण त्याला सगळं माहीत असूनही साक्षीला बोलावण्याची सोय तुमच्याकडे नाही. माझ्याकडे साक्षीला बोलावण्याची सोय आहे, पण सगळं बघितलेला साक्षीदार नाही.